विश्लेषण : यशस्वी-गिलची पिढी कसोटीत गावस्कर, सचिनच्या पंक्तीत बसेल का?

रोहित शर्माने ७ मे २०२५ रोजी कसोटी क्रिकेटला रामराम ठोकला. पाचच दिवसांनी विराट कोहलीने तोच निर्णय जाहीर केला आणि ऑगस्टमध्ये चेतेश्वर पुजारानेही निवृत्ती घेतली. या तिघांच्या मिळून २९३ कसोटी, २०,७२६ धावा आणि ६१ शतके. एवढा अनुभव एका उन्हाळ्यात संघातून गेल्यावर भारतीय फलंदाजीचे काय होणार, याची चिंता होती. मात्र शुभमन गिलच्या नेतृत्वाखालील संघाने इंग्लंडमधील पाच कसोटींची मालिका २-२ अशी बरोबरीत सोडवली आणि नव्या पिढीने मैदान मारल्याचे ढोल वाजू लागले. ते पुरते थांबण्याआधीच नोव्हेंबरमध्ये दक्षिण आफ्रिकेने भारताला भारतात २-० असे हरवले. कोलकात्यात १२४ धावांचे लक्ष्य असताना संघ ९३ धावांत बाद झाला. गुवाहाटीत ४०८ धावांनी पराभव झाला. धावांचा विचार करता भारताच्या कसोटी इतिहासातील हा सर्वांत मोठा पराभव. साहजिकच ‘जुन्यांची सर यांना नाही’ हे वाक्य लोकलच्या डब्यापासून समालोचन कक्षापर्यंत पुन्हा ऐकू येऊ लागले. ते कितपत खरे आहे?

आकडे काय सांगतात?

आकडे तरुणांच्या बाजूने आहेत. नोव्हेंबर २०२५अखेर मुंबईकर यशस्वी जैस्वालच्या खात्यात २८ कसोटी, २५११ धावा आणि सात शतके आहेत. सरासरी ४९.२३. दक्षिण आफ्रिकेविरुद्धच्या मालिकेपूर्वी ती ५१च्या वर होती. सुनील गावस्कर यांची कारकीर्दीची सरासरी ५१.१२, सचिन तेंडुलकरची ५३.७८, राहुल द्रविडची ५२.३१. कोहलीची अखेर ४६.८५ राहिली. म्हणजे यशस्वी आजघडीला याच रांगेत उभा आहे.

एका मालिकेतील धावांचा हिशेब तर अधिक बोलका आहे. गावस्कर यांनी १९७१मध्ये वेस्ट इंडिजमध्ये पदार्पणाच्या मालिकेत चार कसोटींत ७७४ धावा केल्या. भारतीयाने एका कसोटी मालिकेत केलेल्या या सर्वाधिक धावा आजही आहेत. पुढे १९७८-७९मध्ये मायदेशी त्यांनीच ७३२ धावा केल्या. त्यानंतर सचिन, द्रविड, लक्ष्मण, सेहवाग, कोहली अशी मातब्बर मंडळी येऊन गेली, पण एका मालिकेत ७०० धावांचा टप्पा कोणालाच ओलांडता आला नाही. तो ओलांडला २०२४मध्ये यशस्वीने, इंग्लंडविरुद्ध ७१२ धावा करून. आणि २०२५मध्ये गिलने, इंग्लंडमध्ये ७५४ धावा करून. त्यात एजबॅस्टनवरील २६९ आणि १६१ धावांच्या खेळी आहेत आणि भारताचा त्या मैदानावरील पहिला कसोटी विजयही आहे. गावस्करांचा विक्रम २० धावांनी वाचला. अर्थात, त्यांनी तो एक कसोटी कमी खेळून केला होता, हेही नोंदवायला हवे.

जाता जाता एक गंमत. यशस्वीने २०२४च्या त्या एका मालिकेत २६ षटकार मारले. गावस्कर यांचे १२५ कसोटींतील एकूण षटकारही २६च. दोन पिढ्यांच्या खेळातील फरक इतका थोडक्यात दुसऱ्या कोणत्या आकड्यात सापडणार नाही.

मग सरासरीवर निकाल का लावता येत नाही?

याचे उत्तर मुंबईतच आहे आणि त्याचे नाव विनोद कांबळी. कांबळीची कसोटी सरासरी ५४.२० आहे. गावस्करांपेक्षा जास्त, शालेय साथीदार सचिनपेक्षाही जास्त. पहिल्या सात कसोटींत त्याने चार शतके केली, त्यांतील दोन द्विशतके लागोपाठच्या कसोटींतील. वानखेडेवर इंग्लंडविरुद्ध २२४ आणि दिल्लीत झिम्बाब्वेविरुद्ध २२७. हजार धावा त्याने १४ डावांत पूर्ण केल्या. एवढ्या कमी डावांत हा टप्पा दुसऱ्या कोणा भारतीयाला गाठता आलेला नाही, यशस्वीलाही १६ डाव लागले. तरीही १७ कसोटी आणि १०८४ धावांवर कांबळीचा कसोटी प्रवास १९९५मध्ये संपला. तेव्हा तो अवघा २३ वर्षांचा होता. थोर कसोटी फलंदाजांची यादी करताना त्याचे नाव कोणी घेत नाही, आणि त्यात अन्याय झाला असेही कोणाला वाटत नाही.

पृथ्वी शॉचे उदाहरण आणखी ताजे आहे. विरारचा हा मुलगा २०१३मध्ये हॅरिस ढाल स्पर्धेत ५४६ धावा करून गाजला. ऑक्टोबर २०१८मध्ये वयाच्या १८व्या वर्षी राजकोटला कसोटी पदार्पणात त्याने १३४ धावा केल्या, तेव्हा ‘नवा सचिन’ म्हणून त्याच्यावर पाने भरून लिहिले गेले. डिसेंबर २०२०मध्ये ॲडलेडला भारत ३६ धावांत बाद झाला, त्या कसोटीत पृथ्वीने ० आणि ४ धावा केल्या. त्यानंतर तो कसोटी खेळलेला नाही. पाच कसोटी, सरासरी ४२.३७. आता तो मुंबई सोडून महाराष्ट्राकडून रणजी खेळतो. मार्गी लागलेल्यांमध्येही हेच दिसते. बोरिवलीत वाढलेल्या रोहितने २०१३मध्ये पहिल्या दोन्ही कसोटींत शतके केली, तरी तो संपला ६७ कसोटी आणि ४०.५७च्या सरासरीवर. श्रेयस अय्यरने २०२१मध्ये कानपूरला पदार्पणात १०५ आणि ६५ धावा केल्या. १४ कसोटींनंतर त्याची सरासरी ३६.८६ आहे.

थोडक्यात, मुंबईने धडाकेबाज सुरुवात करणारे फलंदाज भरपूर दिले. त्यांतले दीर्घकाळ टिकणारे थोडेच निघाले. दुसरीकडे, दिलीप वेंगसरकर यांची सरासरी ४२.१३ होती. पण ११६ कसोटी, लॉर्ड्सवरील तीन शतके आणि एकेकाळी जागतिक मानांकनातील अव्वल स्थान या जोरावर त्यांची गणना थोरांत होते, आणि ती योग्यच आहे. आपल्याला सचिनमुळे पन्नासच्या सरासरीची सवय लागली आणि त्याखालचा प्रत्येक जण साधारण वाटू लागला.

थोर फलंदाज नेमके कुठे वेगळे ठरले?

दुसऱ्या फेरीत. पहिल्या फेरीत फलंदाज नवा असतो, गोलंदाजांकडे त्याची कुंडली नसते. एक-दोन वर्षांत ती तयार होते. चेंडू कुठे टाकला की हा अडखळतो, कोणता फटका मोह आवरत नसल्याने मारतो, हे प्रत्येक संघाला कळते. खरी कारकीर्द तिथून सुरू होते.

गावस्करांचेच पाहा. १९७१च्या त्या मालिकेत त्यांनी चार शतके केली, शेवटच्या कसोटीत तर १२४ आणि २२०. पुढचे, म्हणजे पाचवे शतक कधी आले? तीन वर्षांनी, १९७४मध्ये मँचेस्टरला. मधल्या काळात इंग्लंडविरुद्ध परदेशी आणि मायदेशी दोन्हीकडे त्यांना झगडावे लागले. त्या वेळी समाजमाध्यमे असती, तर ‘गावस्कर म्हणजे एका मालिकेचा राजा’ असा निकाल केव्हाच लागला असता. त्यांनी एकूण ३४ शतके केली आणि मार्च १९८७मध्ये अहमदाबादला कसोटीत दहा हजार धावा करणारे ते जगातील पहिले फलंदाज ठरले.

कोहलीची कथा सर्वांना ठाऊक आहे. २०१४च्या इंग्लंड दौऱ्यात दहा डावांत १३४ धावा, जेम्स अँडरसनने चार वेळा बाद केलेला. चार वर्षांनी त्याच इंग्लंडमध्ये ५९३ धावा, आणि अँडरसनला त्याची विकेट एकदाही मिळाली नाही. मधल्या काळात त्याने पवित्रा बदलला, चेंडू सोडायला शिकला. सचिनने तर जानेवारी २००४मध्ये सिडनीला ४३६ चेंडू खेळून नाबाद २४१ धावा केल्या, त्या आपला लाडका कव्हर ड्राइव्ह जवळजवळ बाजूला ठेवून. त्या फटक्यावर तो वारंवार बाद होत होता, म्हणून त्याने तो कपाटातच ठेवला. सचिनचे पहिले कसोटी द्विशतक पदार्पणानंतर दहा वर्षांनी, १९९९मध्ये आले, हेही अनेकांच्या लक्षात नसते.

या कसोटीवर नवी पिढी कुठे आहे? यशस्वीची दुसरी फेरी आता कुठे सुरू झाली आहे. पण काही खुणा चांगल्या आहेत. नोव्हेंबर २०२४मध्ये पर्थला पहिल्या डावात शून्यावर बाद झाल्यानंतर दुसऱ्या डावात त्याने १६१ धावा केल्या. इंग्लंडमध्ये २०२५मध्ये लीड्सच्या पहिल्या डावात शतक केल्यावर लॉर्ड्सवर जोफ्रा आर्चरने त्याला दोन्ही डावांत झटपट बाद केले, मँचेस्टरला दुसऱ्या डावात तो भोपळाही फोडू शकला नाही. शेवटच्या ओव्हल कसोटीच्या दुसऱ्या डावात, मालिका हातची जाण्याच्या बेतात असताना, त्याने ११८ धावा केल्या. पडून उठण्याची ही क्षमता कांबळीला आणि पृथ्वीला कसोटीत दाखवता आली नव्हती.

तरुणांना खेळपट्टीवर उभे राहता येत नाही, ही तक्रारही सरसकट खरी नाही. मँचेस्टरला भारत पहिल्या डावात ३११ धावांनी मागे होता आणि दुसऱ्या डावात धावफलकावर एकही धाव नसताना दोन गडी गेले होते. तिथून संघाने १४३ षटके खेळून सामना अनिर्णित राखला. गिलने १०३ केल्या, वॉशिंग्टन सुंदरने नाबाद १०१. दोघेही पंचविशीतले. त्यांच्या जोडीला राहुल आणि जाडेजा हे अनुभवी होते हे खरे, पण ती लढत जुन्या पद्धतीचीच होती.

मग मायदेशातच पाय का घसरतो?

खरी अडचण इथे आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२४मध्ये न्यूझीलंडने भारताला भारतात ३-० हरवले, वर्षभराने दक्षिण आफ्रिकेने २-०. पुण्यात मिचेल सँटनरने सामन्यात १३ बळी घेतले, वानखेडेवर मुंबईतच जन्मलेल्या एजाझ पटेलने ११, आणि दक्षिण आफ्रिकेच्या सायमन हार्मरने दोन कसोटींत १७. फिरकीवर पोसलेल्या देशाचे फलंदाज पाहुण्या फिरकीपटूंसमोर कोसळले.

याचे खापर केवळ तरुणांवर फोडणाऱ्यांनी न्यूझीलंड मालिकेचा धावफलक पुन्हा उघडावा. त्या तीन कसोटींत, सहा-सहा डावांत, कोहलीने ९३ आणि रोहितने ९१ धावा केल्या. भारताकडून सर्वाधिक २६१ धावा ऋषभ पंतच्या होत्या. बंगळूरुला पहिल्या डावात ४६ धावांत गारद झाल्यावर दुसऱ्या डावात दीडशे केल्या त्या सर्फराझ खानने. फिरकीपुढची दुबळी बाजू पिढीची नाही, संपूर्ण व्यवस्थेची आहे.

मात्र जुन्यांच्या बाजूने एक साक्ष काढावीच लागेल. मार्च १९८७, बंगळूरु, पाकिस्तानविरुद्धची पाचवी कसोटी. चेंडू कधी पायाशी बसत होता, कधी खांद्यापर्यंत उसळत होता. इक्बाल कासिम आणि तौसिफ अहमद या फिरकी जोडीने सामन्यात प्रत्येकी नऊ बळी घेतले. भारताला जिंकायला २२१ हव्या होत्या. ३७ वर्षांचे गावस्कर २६४ चेंडू खेळले, ९६ धावांवर बाद झाले आणि भारत १६ धावांनी हरला. तो त्यांचा अखेरचा कसोटी डाव. आता कोलकाता २०२५ आठवा. लक्ष्य १२४, गिल मानेच्या दुखापतीने बाहेर, आणि संपूर्ण सामन्यात अर्धशतक एकच, तेही आफ्रिकेचा कर्णधार टेम्बा बवुमाचे. त्याने नाबाद ५५ धावा केल्या त्या संयमाच्या जोरावर. मऊ हातांनी, चेंडूची वाट पाहत, बचावावर विश्वास ठेवून खेळणे कोलकात्यात शक्य होते, हे प्रतिस्पर्धी कर्णधाराने दाखवून दिले. भारतीय फलंदाजांत तेवढा वेळ थांबण्याची तयारी फार थोड्यांची दिसली.

इथे तरुणांच्या बाजूने एक मुद्दा सांगायला हवा, जो तुलनेत सहसा निसटतो. पूर्वी पुढचा पाय लांब टाकून फिरकी चेंडू पॅडवर घेणे ही सर्वमान्य युक्ती होती. पुढे आलेल्या फलंदाजाला पंच क्वचितच पायचीत देत. भारताने २०१६च्या अखेरीस पंचांच्या निर्णयाचा फेरविचार करणारी डीआरएस पद्धत स्वीकारली आणि ही ढाल गेली. आता चेंडू यष्टीवर आदळणार होता की नाही, हे पडद्यावर दिसते. त्यामुळे प्रत्येक चेंडू बॅटने खेळावा लागतो आणि बॅट पुढे आली की कड लागण्याचा धोका वाढतो. शिवाय गुणांच्या हव्यासापायी मायदेशात आपणच आखाडे तयार करत आलो. अशा खेळपट्टीवर प्रतिस्पर्ध्याचा साधारण फिरकीपटूही घातक ठरतो. उलट बाजूला, गावस्करांनी वेस्ट इंडिजच्या तोफखान्याला हेल्मेटशिवाय तोंड दिले, सीमारेषा लांब होत्या, बॅटी हलक्या होत्या. दोन काळांचे वजन एका तराजूत होत नाही ते यामुळे.

हल्ली कसोटीच कमी होतात, हे खरे आहे का?

हा समज इतका रुजला आहे की कोणी हिशेब करत नाही. गावस्कर १६ वर्षांत १२५ कसोटी खेळले, म्हणजे वर्षाला आठहून किंचित कमी. सचिन २४ वर्षांत २००, म्हणजे वर्षाला आठहून किंचित जास्त. कोहली साडेतेरा वर्षांत १२३, वर्षाला नऊ. आणि यशस्वीने जुलै २०२३मधील पदार्पणापासून २८ महिन्यांत २८ कसोटी खेळल्या. महिन्याला एक! इतक्या भराभर कसोटी ना गावस्करांना मिळाल्या, ना सचिनला.

घट झाली आहे ती कसोटीबाहेरच्या लाल चेंडूच्या क्रिकेटमध्ये. गावस्कर एकूण ३४८ प्रथम श्रेणी सामने खेळले. त्यातून कसोटी वजा केल्या तर २२३ उरतात. रणजी, दुलीप, इराणी, इंग्लंडमध्ये सॉमरसेटकडून कौंटी. सचिनचे हेच गणित ३१० वजा २००, म्हणजे ११०. तोही यॉर्कशायरकडून एक मोसम खेळला. कोहलीचे कसोटीबाहेरचे प्रथम श्रेणी सामने अवघे तीसेक आहेत. २०१२नंतर तो पुढचा रणजी सामना खेळला तो थेट २०२५मध्ये.

माझ्या मते जुन्या-नव्यांतील सर्वांत मोठा फरक या वजाबाकीत आहे. फॉर्म गेला, तंत्रात खोट आली, की गावस्कर मुंबईकडून रणजी खेळत, कांगा लीग खेळत. १९४८मध्ये सुरू झालेल्या या स्पर्धेची ख्यातीच पावसाळ्यातील ओल्या, लहरी खेळपट्ट्यांसाठी होती. तिथे चेंडू उशिरा खेळायला शिकल्याशिवाय निभाव लागत नसे. चुका दुरुस्त करायला कॅमेऱ्यांपासून दूर अशी जागा होती. आजचा फलंदाज फॉर्म हरवतो कसोटीत आणि शोधतोही कसोटीतच. दोन मालिकांच्या मध्ये त्याच्या वाट्याला येते ट्वेंटी-२०, जिथे चेंडू सोडणे हा गुन्हा आहे.

यशस्वी पदार्पणापूर्वी केवळ १५ प्रथम श्रेणी सामने खेळला होता, ८०च्या सरासरीने. ते कमी वाटतील, पण सचिनही १६व्या वर्षी एकाच रणजी हंगामानंतर कराचीला उतरला होता. पदार्पणापूर्वी किती खेळला यापेक्षा नंतर मधल्या काळात किती खेळतो, हे महत्त्वाचे. ऑस्ट्रेलियातील पराभवानंतर जानेवारी २०२५मध्ये क्रिकेट मंडळाने देशांतर्गत क्रिकेट सक्तीचे केले, तेव्हा रोहित आणि यशस्वी वांद्रे-कुर्ला संकुलात जम्मू-काश्मीरविरुद्ध मुंबईकडून उतरले. रोहितच्या धावा ३ आणि २८, यशस्वीच्या ४ आणि २६. मुंबई हरली. त्या सामन्यात मुंबईची लाज थोडीफार राखली ती पालघरच्या शार्दूल ठाकूरने, आठव्या-नवव्या क्रमांकाच्या गोलंदाजाने, ५१ आणि ११९ धावा करून.

संधीचे काय?

जुन्या काळात जागा मिळणे कठीण होते, पण मिळाली की टिकत असे. भाऊसाहेब निंबाळकर यांनी १९४८मध्ये पुण्यात महाराष्ट्राकडून नाबाद ४४३ धावा केल्या, तरी ते एकही कसोटी खेळले नाहीत. सचिन-कांबळीच्या ६६४ धावांच्या भागीदारीत पॅड बांधून बसून राहिलेला अमोल मुझुमदार पुढे प्रथम श्रेणीत ११ हजारांहून अधिक धावा करूनही कसोटीच्या दारात पोहोचला नाही. मधल्या फळीत सचिन, द्रविड, गांगुली, लक्ष्मण ठाण मांडून होते.

आज दार लवकर उघडते आणि लवकरच बंदही होते. जून २०२३मध्ये पुजारा शेवटची कसोटी खेळला. तेव्हापासून तिसऱ्या क्रमांकावर गिल, देवदत्त पडिक्कल, करुण नायर, साई सुदर्शन, वॉशिंग्टन सुंदर अशी रांग लागली. कोलकात्यात तिसऱ्या क्रमांकावर एक, पुढच्याच गुवाहाटी कसोटीत दुसरा. सर्फराझने सहा कसोटींत ३७.१०च्या सरासरीने धावा केल्या, ऑस्ट्रेलियाला नेऊन त्याला एकदाही खेळवले नाही आणि पुढे इंग्लंडलाही नेले नाही. सर्फराझला शरीरयष्टीवरून, सुदर्शनला अननुभवावरून, कोणाला आणखी कशावरून. १९७१ ते १९७४ या काळातल्या गावस्करांना या निकषांवर किती कसोटी मिळाल्या असत्या, याचा विचार निवड समितीने जरूर करावा.

मीरा-भाईंदर ते विरार पट्ट्यात काय चित्र आहे?

मुंबईच्या फलंदाजीचा कारखाना दादर-शिवाजी पार्कात होता, तो उत्तरेकडे सरकला त्याला आता दोन दशके होतील. रोहित बोरिवलीचा, पृथ्वी विरारचा, शार्दूल पालघरचा. सध्या ज्याच्याकडे डोळे लागले आहेत तो आयुष म्हात्रेही विरारचाच. जुलै २००७चा जन्म, पहिल्याच रणजी हंगामात महाराष्ट्राविरुद्ध १७६ धावा, २०२५मध्ये इंग्लंड दौऱ्यावर १९ वर्षांखालील भारतीय संघाचे कर्णधारपद. त्याच वर्षी आयपीएलमध्ये चेन्नईकडून बंगळूरुविरुद्ध ४८ चेंडूंत ९४. यांपैकी लोकांना आठवते ती शेवटचीच खेळी.

या सगळ्यांना जोडणारी रेषा म्हणजे पश्चिम रेल्वे. भाईंदरहून चर्चगेट सुमारे ४३ किलोमीटर, विरारहून ६०. पहाटेच्या लोकलमध्ये किट बॅग दरवाजाजवळ उभी करून, प्रवाशांची बोलणी खात मुंबईला जाणारी मुले या पट्ट्यात नवी नाहीत. पृथ्वी वडिलांबरोबर असाच वांद्र्याला जात असे. कारण आझाद, क्रॉस, ओव्हल, शिवाजी पार्क, वांद्रे-कुर्ला संकुल ही मातीची, गवताची खेळपट्टी असलेली नावाजलेली मैदाने दक्षिणेकडे आहेत. मीरा-भाईंदरची लोकसंख्या २०११च्या जनगणनेतच आठ लाखांवर होती, त्यानंतर शहर किती फुगले हे मीरा रोड स्थानकाच्या पुलावर सकाळी आठला कळते. मैदाने त्या प्रमाणात फुगली नाहीत.

एका शब्दाचा प्रवास पुरेसा बोलका आहे. शिवाजी पार्कात ‘टर्फ’ म्हटले की रोलर फिरवलेली, माती-गवताची खेळपट्टी. मीरा रोडला ‘टर्फ’ म्हटले की जाळीने बंदिस्त केलेली, प्लॅस्टिकच्या हिरव्या गालिचाची जागा, जी तासावर भाड्याने मिळते. तिथे टेनिस चेंडूवर सहा-सहा षटकांचे सामने होतात. चेंडू एकसारखा उसळतो, फिरत नाही, आत येत नाही, आणि जाळीला लागला की धावा. मुले खेळतात ही चांगलीच गोष्ट आहे. यातून हात मोकळा होतो, नजर तयार होते, उद्याचा आयपीएल फलंदाजही कदाचित तयार होईल. पण चेंडू सोडायचा कधी, पुढे यायचे की मागे जायचे, पाचव्या तासाला पायांनी साथ सोडल्यावर काय करायचे, हे शिकायला सीझन चेंडू, मातीची खेळपट्टी आणि दोन-तीन दिवसांचे सामने लागतात. महापालिकेने मैदानाच्या आरक्षित जागांचे काय केले हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. एवढेच की कसोटी फलंदाज कुठून येणार या प्रश्नाचा एक धागा नगररचना विभागाच्या दारापर्यंत जातो.

तर मग यशस्वी, गिल तिथे पोहोचतील का?

शिखरांचा प्रश्न असेल तर ते आताच पोहोचले आहेत. ७५४ आणि ७१२ हे आकडे कोणाच्या उपकाराचे नाहीत. प्रश्न लांबीचा आहे. यशस्वीचा आजचा वेग कसोटीमागे सुमारे ९० धावांचा. याच वेगाने दहा हजार धावांसाठी त्याला एकूण ११२ कसोटी लागतील, म्हणजे आणखी ८४. वर्षाला नऊ धरल्या तर सव्वानऊ वर्षे. २८ डिसेंबर २०२५ला तो २४ वर्षांचा झाला, म्हणजे तेव्हा तो ३३ वर्षांचा असेल. सचिनच्या १५,९२१ धावा गाठायच्या तर आणखी १५० कसोटी आणि जवळपास १७ वर्षे, म्हणजे वयाच्या चाळिशीपर्यंत खेळावे लागेल. सचिनही चाळिशीतच निवृत्त झाला. कागदावर अशक्य काहीच नाही.

हे जमू शकते, याचे जिवंत उदाहरण इंग्लंडकडे आहे. डिसेंबर २०१२मध्ये नागपूरला पदार्पण केलेला ज्यो रूट तेरा वर्षांच्या आत दीडशेहून अधिक कसोटी खेळला आणि जुलै २०२५मध्ये मँचेस्टरला द्रविड, कॅलिस, पॉण्टिंग यांना मागे टाकून कसोटी धावांत सचिनखालोखाल दुसरा झाला. त्याने ट्वेंटी-२० क्रिकेट जवळपास सोडून दिले, हे त्यामागचे एक कारण. असा त्याग भारतीय फलंदाज करील, असे मला वाटत नाही, आणि आयपीएलचे करार पाहता त्याने तो करावा अशी अपेक्षाही रास्त नाही. म्हणून दहा हजार धावा गिल-यशस्वीपैकी एखादा करेल, पण पंधरा हजारांची शक्यता अगदीच धूसर दिसते.

कसोटी अजिंक्यपदाच्या या चक्रात भारताचे श्रीलंकेत दोन, न्यूझीलंडमध्ये दोन आणि २०२७च्या सुरुवातीला मायदेशी ऑस्ट्रेलियाविरुद्ध पाच सामने बाकी आहेत. श्रीलंकेत फिरकी, न्यूझीलंडमध्ये हवेत वळणारा चेंडू आणि घरी पुन्हा कोणत्या खेळपट्ट्या तयार होतात, त्यावर बरेच अवलंबून आहे. पण त्याआधी २०२६च्या मध्यापर्यंत भारताची एकही कसोटी नव्हती. मधे एकदिवसीय सामने, ट्वेंटी-२० विश्वचषक आणि आयपीएल. तोवर यशस्वीला लाल चेंडू दिसणार होता तो जानेवारी २०२६मध्ये सुरू होणाऱ्या रणजी करंडकाच्या दुसऱ्या टप्प्यात, तेही मर्यादित षटकांच्या संघातून तो मोकळा झाला तर.